जुन्या स्मार्टफोनच्या प्रोसेसरची वेगवृद्धी : तत्त्व, मर्यादा आणि सुरक्षित कार्यपद्धती

सारांश :

जुना स्मार्टफोन संथ वाटू लागला की त्याच्या प्रोसेसरची घड्याळ-वारंवारिता निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे नेण्याचा उपाय सुचविला जातो. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेमागील भौतिक तत्त्व, मोटोरोला ड्रॉइड या फोनचे उदाहरण, उष्णता व बॅटरी यांमुळे पडणाऱ्या मर्यादा आणि धोका कमीत कमी ठेवणारी कार्यपद्धती यांचे विवेचन केले आहे. वारंवारितेत अल्प वाढ करणे अनेकदा शक्य असते. परंतु त्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागले की लाभापेक्षा किंमत अधिक वेगाने वाढते. शिवाय फोनच्या संथपणाचे मूळ पुष्कळदा प्रोसेसरमध्ये नसतेच, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजशब्द : ओव्हरक्लॉकिंग, घड्याळ-वारंवारिता, व्होल्टेज, कर्नल, लिथियम-आयन बॅटरी, उष्णता-नियंत्रण.

प्रस्तावना :

'फोन जुना झाला, म्हणून त्याचा प्रोसेसर मंदावला' असा एक सर्वसाधारण समज आढळतो. तो शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही. प्रोसेसरचे घड्याळ स्फटिकाच्या स्थिर कंपनांवरून चालते. जी चिप पहिल्या दिवशी ६०० मेगाहर्ट्झ वारंवारितेवर चालत होती, ती सुस्थितीत असल्यास अनेक वर्षांनंतरही त्याच वारंवारितेवर चालू शकते. या काळात बदलतात त्या इतर तीन गोष्टी. प्रणाली व ॲप यांची मागणी वाढते, साठवणुकीची जागा भरत जाते आणि बॅटरी झिजते. म्हणून वेगवृद्धीचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक ठरते. प्रोसेसरचा वेग किती वाढविता येईल, हा पहिला प्रश्न होय. आणि तो वाढविल्याने फोन खरोखर किती वेगवान होईल, हा दुसरा.

या प्रश्नांना व्यावहारिक महत्त्व आहे. अनेक कुटुंबांत जुना फोन हेच अभ्यासाचे, बँक-व्यवहाराचे आणि छायाचित्रे जपण्याचे एकमेव साधन असते. त्याचे आयुष्य वाढल्यास खर्च व ई-कचरा दोन्ही टळतात. परंतु अविचारी प्रयोगाने तेच साधन आणि त्यातील माहिती कायमची गमावली जाऊ शकते.

घड्याळ-वारंवारिता आणि व्होल्टेज :

प्रोसेसरमधील प्रत्येक क्रिया घड्याळाच्या ठोक्यावर होते. ६०० मेगाहर्ट्झ वारंवारितेवर दोन ठोक्यांमध्ये सुमारे १.६७ नॅनोसेकंदांचा अवधी मिळतो, तर १ गिगाहर्ट्झवर तो केवळ १ नॅनोसेकंद उरतो. एवढ्या अवधीत विद्युत संकेताने ट्रान्झिस्टरांच्या सर्वांत लांब मालिकेतून पार जाऊन स्थिर होणे अपेक्षित असते. संकेत पोहोचण्यापूर्वीच पुढचा ठोका पडला, तर चुकीचे उत्तर नोंदविले जाते. निर्माता आपली मर्यादा ठरविताना उष्ण हवामान, बॅटरीतील चढउतार आणि चिपचिपमधील फरक यांसाठी काही राखीव अंतर ठेवतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे या राखीव अंतराचा वापर करणे होय. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन चिपही तंतोतंत सारख्या नसतात. त्यामुळे एका फोनला जी वारंवारिता मानवली, ती त्याच प्रकारच्या दुसऱ्या फोनला मानवेलच असे नाही.

व्होल्टेज वाढविले की ट्रान्झिस्टर अधिक जलद उघडझाप करतात आणि वरची वारंवारिता साध्य होते. परंतु त्याची किंमत मोठी असते. चिपमध्ये स्विचिंगमुळे खर्च होणारी शक्ती वारंवारितेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज न वाढविता वारंवारिता २० टक्क्यांनी वाढविल्यास ही शक्तीही सुमारे २० टक्क्यांनीच वाढते. त्यासोबत व्होल्टेज १० टक्क्यांनी वाढवावे लागले, तर मात्र तीच वाढ सुमारे ४५ टक्क्यांवर जाते.

मोटोरोला ड्रॉइडचे उदाहरण :

या संदर्भात मोटोरोला ड्रॉइड हा फोन बोधप्रद आहे. तो नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची ओमॅप ३४३० ही चिप आणि २५६ मेगाबाइट स्मृती होती. चिप ६०० मेगाहर्ट्झपर्यंतची असली, तरी फोनमध्ये तिची कमाल वारंवारिता ५५० मेगाहर्ट्झ ठेवण्यात आली होती. बदललेले कर्नल वापरून हौशी वापरकर्त्यांनी ती १ गिगाहर्ट्झपर्यंत नेली, आणि या प्रयोगांमुळे हा फोन विशेष गाजला.

लिनक्स कर्नलमध्ये या चिपच्या प्रत्येक वारंवारितेसाठी नाममात्र व्होल्टेज नोंदविलेले आहे. ५०० मेगाहर्ट्झवरील स्विचिंग-शक्ती १०० मानल्यास वरील सूत्रावरून पुढीलप्रमाणे चित्र मिळते :

१२५ मेगाहर्ट्झ – ०.९७५ व्होल्ट – शक्ती सुमारे १७
२५० मेगाहर्ट्झ – १.०७५ व्होल्ट – शक्ती सुमारे ४०
५०० मेगाहर्ट्झ – १.२०० व्होल्ट – शक्ती १००
५५० मेगाहर्ट्झ – १.२७० व्होल्ट – शक्ती सुमारे १२३
६०० मेगाहर्ट्झ – १.३५० व्होल्ट – शक्ती सुमारे १५२

५५० वरून ६०० मेगाहर्ट्झवर जाताना वेग ९ टक्क्यांनी वाढतो, परंतु शक्तीचा खर्च सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. ५०० ते ६०० या टप्प्यात २० टक्के वेगासाठी ५२ टक्के अधिक शक्ती मोजावी लागते. म्हणजेच निर्मात्याने मान्य केलेल्या मर्यादेच्या आतही शेवटचे काही मेगाहर्ट्झ सर्वांत महाग असतात; मर्यादेबाहेर ही चढण आणखी तीव्र होते. काम लवकर संपल्याने प्रोसेसर लवकर विश्रांती घेतो आणि त्यामुळे ऊर्जा वाचते, असा युक्तिवाद केला जातो. व्होल्टेज स्थिर असेपर्यंत त्यात तथ्य आहे. ते वाढविले की तेच काम करण्यासाठी लागणारी स्विचिंग-ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५०० ते ६०० मेगाहर्ट्झच्या टप्प्यात ही वाढ सुमारे २७ टक्के आहे.

उष्णता, झीज आणि मूक चुका :

वाढीव शक्तीचे रूपांतर अखेर उष्णतेत होते. फोनमध्ये सहसा पंखा नसतो. उष्णता कवचातून हवेत आणि धरणाऱ्याच्या हातात जाते. चिप तापली की तिच्यातील गळतीची विद्युतधारा वाढते व त्यामुळे ती आणखी तापते. हे चक्र रोखण्यासाठी प्रणाली ठराविक तापमानानंतर वारंवारिता आपोआप खाली आणते. परिणामी, वाढविलेला वेग पहिली काही मिनिटे मिळतो आणि दीर्घ कामात तो नाहीसा होतो. ही संरक्षक व्यवस्था बंद करून वेग टिकविण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो. तो कदापि स्वीकारू नये.

दुसरा परिणाम सावकाश होतो. चिपमधील सूक्ष्म धातुवाहिन्यांतील अणू विद्युतप्रवाहामुळे हळूहळू सरकतात. मोटोरोलामधील जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस या झिजेचे सूत्र मांडले. त्यानुसार विद्युतधारेची घनता आणि तापमान वाढले की वाहिनीचे आयुष्य घटते. व्होल्टेजवाढीने या दोन्ही गोष्टी वाढतात.

तिसरा परिणाम सर्वांत फसवा आहे. मर्यादेच्या काठावर चालणारा प्रोसेसर नेहमी बंद पडतोच असे नाही. कधी तो एखादे चुकीचे उत्तर देऊन पुढे चालत राहतो. ते उत्तर साठवणुकीत लिहिले गेले की छायाचित्र किंवा दस्तऐवज बिघडतो आणि ही गोष्ट कित्येक दिवसांनी लक्षात येते. म्हणून 'फोन सुरू आहे' याचा अर्थ 'फोन स्थिर आहे' असा घेता येत नाही.

बॅटरीची मर्यादा :

लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तेव्हा तिची क्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. नव्या बॅटरीचा रोध ०.१ ओहम आणि जुनीचा ०.३ ओहम मानला, तर २ अँपिअर धारा घेताना पहिलीचा दाब ०.२ व्होल्टने, तर दुसरीचा ०.६ व्होल्टने खाली येतो. ३.६ व्होल्टवर असलेली जुनी बॅटरी अशा क्षणी ३ व्होल्टपर्यंत घसरते आणि संरक्षक व्यवस्था फोन बंद करते. प्रोसेसरचा वेग वाढविणे म्हणजे नेमकी हीच तात्कालिक मागणी वाढविणे होय.

ॲपल कंपनीच्या प्रकरणातून हा संबंध जगासमोर आला. जानेवारी २०१७ मधील प्रणाली-सुधारणेपासून झिजलेली बॅटरी असलेल्या काही आयफोनचा कमाल वेग अचानक बंद पडणे टाळण्यासाठी कमी केला जात होता. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने हे मान्य केले आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. ग्राहकांना पुरेशी माहिती न दिल्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. या वादातील नैतिक प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्यातील तांत्रिक बोध स्पष्ट आहे : अशा फोनचा वेग परत मिळविण्याचा उपाय प्रोसेसरमध्ये नसून नव्या बॅटरीत होता.

प्रत्यक्ष लाभाचे गणित :

जीन अम्दाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. एखाद्या कामाचा जेवढा भाग सुधारला जातो, तेवढ्यापुरताच एकूण लाभ मर्यादित राहतो. समजा, एखादे ॲप उघडण्यास १० सेकंद लागतात. त्यांपैकी ४ सेकंद प्रोसेसरच्या गणनेत आणि ६ सेकंद साठवणुकीतून माहिती वाचण्यात जातात. प्रोसेसर २० टक्क्यांनी वेगवान केल्यास ४ सेकंदांचे ३.३३ होतात व एकूण वेळ ९.३३ सेकंद होते. लाभ जेमतेम ७ टक्क्यांचा!

२०१२ च्या नेक्सस ७ या टॅबलेटचा अनुभव असाच होता. वापर वाढत गेला तसा तो संथ झाला, कारण पुसलेल्या माहितीची जागा मोकळी झाल्याची सूचना फ्लॅश साठवणुकीला वेळेवर मिळत नव्हती. जुलै २०१३ मधील अँड्रॉइड ४.३ या आवृत्तीत ही सूचना देण्याची सोय आली आणि प्रोसेसरला हात न लावता साधन पुन्हा चपळ झाले.

सुरक्षित कार्यपद्धती :

अँड्रॉइडमध्ये वारंवारितांचा तक्ता कर्नलमध्ये असतो. वेग बदलणारे ॲप त्या तक्त्यातील पर्यायांतूनच निवड करते. त्यामुळे खरी वेगवृद्धी करण्यासाठी बहुधा बूटलोडर उघडून बदललेले कर्नल बसवावे लागते. ही सोय प्रत्येक फोनमध्ये नसते. अलीकडच्या अनेक चिपमध्ये वारंवारितेचे नियंत्रण हार्डवेअर व फर्मवेअर यांकडे असल्याने हा मार्ग जवळजवळ बंदच झाला आहे. बूटलोडर उघडताना अनेक फोनमधील सर्व माहिती पुसली जाते, हमी संपुष्टात येऊ शकते आणि बँकेची काही ॲप चालेनाशी होतात. हे मान्य असल्यासच पुढील क्रम अनुसरावा.

१. प्रथम साधे उपाय करावेत. साठवणुकीतील काही जागा मोकळी करावी, अनावश्यक ॲप काढावीत, झिजलेली बॅटरी बदलावी. बॅटरी फुगलेली असल्यास फोनचा वापर तत्काळ थांबवावा.

२. एकमेव किंवा रोजच्या वापरातील फोनवर प्रयोग करू नये. सर्व माहितीची प्रत फोनबाहेर ठेवावी आणि मूळ कर्नल परत बसविण्याची सोय आधी तपासून घ्यावी.

३. कर्नल त्याच फोनच्या नेमक्या प्रकारासाठी तयार केलेले असावे. नाव सारखे असले, तरी उपप्रकारानुसार आतील चिप वेगळी असू शकते.

४. बदलापूर्वीची स्थिती मोजावी : ठराविक कामास लागणारा वेळ, बॅटरीचे तापमान आणि एका तासातील बॅटरीचा खर्च.

५. व्होल्टेज न बदलता वारंवारिता सुमारे ५ टक्क्यांच्या टप्प्यांनी वाढवावी. प्रत्येक टप्प्यावर किमान अर्धा तास पूर्ण भाराची चाचणी घ्यावी. चाचणी उत्तरांची अचूकता पडताळणारी असावी. ती फोन चार्ज होत असताना करू नये.

६. बॅटरीचे तापमान ४५ अंश सेल्सिअसकडे जाऊ लागल्यास चाचणी थांबवावी. फोन गोठला, आपोआप पुन्हा सुरू झाला किंवा एकही उत्तर चुकले, तर दोन टप्पे मागे यावे आणि तेथेच थांबावे.

७. 'फोन सुरू होताच नवी वारंवारिता लागू करा' हा पर्याय काही दिवसांच्या निर्दोष वापरानंतरच निवडावा. अन्यथा अस्थिर फोन पुनःपुन्हा सुरू होण्याच्या चक्रात अडकतो.

८. भारानुसार वारंवारिता वरखाली करणारी नियंत्रक-पद्धती कायम ठेवावी. सतत कमाल वेगावर चालविल्याने बॅटरी व चिप दोघांचे आयुष्य विनाकारण घटते.

शेवटी पुन्हा मोजमाप घ्यावे. वेळेतील बचत नगण्य आणि तापमानातील वाढ स्पष्ट असेल, तर मूळ स्थितीवर परतणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो.

निष्कर्ष :

१. व्होल्टेज न वाढविता मिळणारी अल्प वेगवृद्धी तुलनेने सुरक्षित असते. व्होल्टेजवाढीने मिळणारा वेग उष्णता, बॅटरी व चिपचे आयुष्य यांच्या मोबदल्यात मिळतो.

२. जुन्या फोनमध्ये बॅटरी व साठवणूक हे बहुधा प्रोसेसरपेक्षा दुबळे दुवे असतात. म्हणून निदान आधी आणि उपाय नंतर हा क्रम पाळणे इष्ट होय.

३. रोजच्या फोनसाठी ओव्हरक्लॉकिंग हा अखेरचा पर्याय मानावा. मात्र वापरातून गेलेला फोन महाविद्यालयीन प्रयोगशाळेत उत्तम अध्यापन-साधन ठरू शकतो. शक्ती आणि व्होल्टेज यांचा वर्गसंबंध, बॅटरीचा अंतर्गत रोध आणि अम्दाल यांचा नियम या तीनही गोष्टी विद्यार्थी त्यावर स्वतः मोजून पाहू शकतात. तेथे फोन बिघडला, तरी कोणाची छायाचित्रे वा कोणाचा अभ्यास हरवत नाही.