एका गिरकीचं वजन

कथकमधली एक चपळ गिरकी सेकंदाभरात आटोपते. साध्या फोनवर फुल एचडीत ती टिपली, तर प्रत्येक चौकटीत १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे जवळजवळ २१ लाख ठिपके. एका ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट, सेकंदाला २५ चौकटी. गुणाकार करा: एका सेकंदाचे साडेपंधरा कोटी बाइट! मिनिटभराचा तोडा धरला तर ९ जीबीच्याही वर. हाच मिनिटभराचा तुकडा नृत्यशिक्षिकेच्या वेबसाइटवर तीसेक एमबीत मावतो आणि शाळेच्या फाटकाशी स्कूटरवर थांबलेल्या एखाद्या आईच्या फोनवर सुरूही होतो. ३०० भागांतले २९९ वाटेत गळाले आणि तिला काही कमी वाटलं नाही.

रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली, तेव्हा क्लासची माहिती तोंडोतोंडी पसरायची. आज गावोगावी कुणी सोसायटीच्या हॉलमध्ये, कुणी बंगल्याच्या गच्चीवर पत्रे घालून स्वतंत्रपणे शिकवतं, आणि चौकशी करणारे पालक आधी फोनवर नाव शोधून पाहतात. तेव्हा वेबसाइट हवीच. ती करताना रंग कोणता, फोटो कुठला यावर तासन्‌तास चर्चा होते. पण नाचाचा कुठला भाग तारेतून पलीकडे पोचतो आणि कुठला वाटेत सांडतो, हे कळलं तर निम्मे निर्णय आपोआप होतात.

आधी व्हिडिओ. आजही सर्रास चालणारी दाबण्याची पद्धत म्हणजे एच.२६४, २००३ सालची. ती पहिली चौकट पूर्ण साठवते आणि पुढच्या चौकटींत शक्यतो फक्त बदल लिहिते. चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि एकेका चौकोनाबद्दल टिपून ठेवायचं, की हा मघाचाच तुकडा, फक्त इतका डावीकडे सरकलेला. बातम्या वाचणारा माणूस या पद्धतीला फार सोयीचा. ओठ आणि भुवया सोडल्या तर बाकी सगळं जवळजवळ फुकटात मिळतं. गिरकी घेणारी नर्तकी मात्र सरकत नाही, वळते. अंगरख्याचा घेर दर क्षणी अशी बाजू दाखवतो, जी मघाच्या चौकटीत नव्हतीच. त्यात जर चमकते, ओढणी फडफडते. सगळंच नव्यानं लिहायची वेळ येते आणि बाइट तर मोजकेच मंजूर झालेले असतात. मग बारकावे गाळले जातात आणि घेराच्या जागी चौकोनी धुरळा उडालेला दिसतो.

म्हणूनच बागेत, वाऱ्यानं हलणाऱ्या झाडांपुढे हौसेनं केलेलं शूटिंग बहुधा वाया जातं. प्रत्येक पान हलतं, प्रत्येक पान आपल्या वाटचे बाइट खातं आणि ताईंच्या बोटांना काही उरत नाही. रियाजाच्या खोलीतल्या साध्या भिंतीपुढे, फोन तिपाईवर पक्का बसवून घेतलेल्या व्हिडिओत त्याच हस्तमुद्रा लख्ख दिसतात.

रंगाची आणखी एक गंमत. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. त्याचा फायदा घेऊन बहुतेक व्हिडिओंत उजेड ठिपक्याठिपक्याला आणि रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकदाच नोंदवला जातो. एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण अळता लावलेली बोटं लाल पोशाखासमोर आली की तिथे उजेडाचा फरक फारसा नसतोच, भिस्त सगळी रंगावर, आणि बोटांच्या कडा फिसकटतात. दोन्ही हात छातीशी असतील तर मुद्रा कोणती ते सांगता येत नाही. वेबसाइटसाठी चित्रीकरण करायचं असेल त्या दिवशी पांढरा किंवा फिकट पोशाख घालावा, एवढं साधं उत्तर.

पावलांचं गणित तर थक्क करणारं आहे. मिनिटाला १५० मात्रांची लय धरली तर चौगुणीत, म्हणजे एका मात्रेत चार आघात घेताना, सेकंदाला १० आघात होतात. २५ चौकटींच्या व्हिडिओत एका आघाताच्या वाट्याला अडीच चौकटी! त्यात टाच कधी उचलली आणि तळवा कधी पडला, हे दिसणार कसं? फोनच्या सेटिंगमध्ये ५० किंवा ६० चौकटींचा पर्याय असतो. ततकार दाखवायचा असेल तर तोच निवडावा.

आणि घुंगरू. एकेका पायात शंभर-दीडशे, प्रत्येकाचा नाद क्षणात उठून विरणारा. असे आवाज दाबणं मुळातच अवघड. एमपी३ ही पद्धत प्रामुख्यानं जर्मनीतल्या एर्लांगेनला घडली. ती आवाजाचे सुमारे २६ मिलिसेकंदांचे तुकडे करते आणि कानाला ऐकू येणार नाही ते काढून टाकते. या काटछाटीत राहिलेली चूक अख्ख्या तुकड्यावर पसरते. मोठ्या आवाजाखाली ती झाकली जाते. पण शांततेत एकदम ठोका पडला, तर चुकीचा काही भाग ठोक्याच्या आधीच्या शांततेत जाऊन बसतो आणि ठोका पडण्याआधीच बारीक खसखस ऐकू येते. हा दोष पारखायला अभियंते कॅस्टनेट वापरत आले आहेत, म्हणजे स्पॅनिश नर्तकींच्या बोटांतल्या लाकडी टाळ्या! पद्धत घडवणाऱ्यांचा घाम शेवटी एका नाचाच्या वाद्यानंच काढला. त्यांनी तोड काढली ती अशी, की ठोका येतोय असं दिसलं की तिथल्यापुरते तुकडे बारीक करायचे. पुढच्या पद्धती या कामात अधिक तरबेज आहेत. तरीही वेबसाइटवर चढवण्यासाठी मूळ फाइलच वापरावी. व्हॉट्सॅपवरून व्हिडिओ म्हणून फिरून आलेली फाइल आधीच एकदा पिळलेली असते.

आता ऑनलाइन क्लास. वेबसाइटवर ‘परदेशातील विद्यार्थ्यांसाठीही’ असं लिहिण्याआधी प्रकाशाचा वेग विचारात घ्यायला हवा. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. पुण्याहून न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद. मघाच्या चौगुणीतला एक बोल १०० मिलिसेकंदांचा. ताईंनी ‘ता’ म्हटलं आणि तिकडच्या मुलीनं त्याच क्षणी पाय टाकला, तरी इथे तो पुढचा बोल सुरू झाल्यावरच ऐकू येणार. तारा वळणावळणानं जातात, यंत्रंही वेळ खातात, त्यामुळे प्रत्यक्षात उशीर याहून बराच जास्त. कितीही महागडं कनेक्शन घेतलं तरी यातला काचेतल्या प्रकाशाचा वाटा कमी होत नाही.

अनुभवी शिक्षिकांची वाट सरळ आहे: ठेका ताईंकडे वाजवायचाच नाही, मुलीकडे वाजवायचा. मग ठेका आणि पाऊल दोन्ही बरोबरीनंच उशिरा येतात आणि सम चुकली की ताईंच्या कानाला अचूक कळतं. म्हणजे वेबसाइटवर वेगवेगळ्या लयींतले ठेके आणि लहरे विद्यार्थिनींसाठी ठेवले, तर ती पानभर स्वपरिचयापेक्षा कितीतरी कामाची वस्तू. शिवाय व्हिडिओ कॉलची यंत्रणा माणसाचं बोलणं जपते आणि घुंगरांना गोंगाट समजून दाबते. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाचं बटण याचसाठी आहे. तेही त्याच पानावर सांगून टाकावं.

मजकुराकडे वळू. ‘नृत्य’ हा दोन अक्षरांचा शब्द, पण संगणकाच्या लेखी तो पाच चिन्हांचा: न, ऋकार, त, हलन्त, य. प्रत्येकाला ३ बाइट, एकूण १५. ऋकार न-च्या खाली लटकवायचा, त अर्धा करून य-ला जोडायचा, ही जुळणी फॉन्टमध्ये लिहून ठेवलेल्या नियमांनी ऐनवेळी होते. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा ‘मुक्ता’सारखा सुरेख फॉन्ट तर मोफत मिळतो. असं असताना बॅचच्या वेळा फ्लेक्ससारख्या चित्रात छापून तेच चित्र वेबसाइटवर चिकटवण्याची खोड काही जात नाही. चित्रातली अक्षरं शोधणाऱ्याला सापडतील याचा भरवसा नसतो आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ती वाचून दाखवेल याचाही. अक्षरं अक्षरं म्हणूनच लिहावीत, आणि क्लासचं नाव रोमन लिपीतही द्यावं, कारण पुष्कळ मराठी माणसं त्या लिपीतच शोधतात.

पहिल्या पडद्यावर काय असावं? माझं मत स्पष्ट आहे: आपोआप वाजू लागणारा व्हिडिओ नको. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, हा गूगलचा चांगल्या पानाचा निकष आहे आणि भारी व्हिडिओ तिथेच आडवा येतो. स्कूटरवरच्या त्या आईला पाच गोष्टी हव्यात: जागा, वार-वेळ, कितव्या वर्षापासून घेता, फी किती, आणि गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसवता का. फी लिहायला बऱ्याच जणींना संकोच वाटतो. पण आकडा नसला की पालक पुढच्या क्लासचं पान उघडतात.

मुलींचे फोटो टाकताना दोन गोष्टी पाहाव्यात. लोकेशन चालू असलेल्या फोननं काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात, ते चढवण्याआधी पुसावेत. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलेलं आहे, तेव्हा पालकांची लेखी परवानगी घेऊन ठेवावी.

शेवटी पत्ता. डोमेनचं नाव विकत मिळत नाही, मुदतीपुरतं नोंदवता येतं, आणि ज्याच्या खात्यावर नोंद त्याचा ताबा. वेबसाइट करून देणारा मुलगा कितीही घरचा असला तरी ही नोंदणी ताईंनी स्वतःच्या नावानं, स्वतःच्या ईमेलवरून करावी आणि नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.