वेड नव्हे, मेंदूची सूज

2001 सालची गोष्ट. एकोणीस वर्षांच्या एका मुलीला तिचे वडील माझ्या दवाखान्यात घेऊन आले. आठ दिवसांपूर्वी तिला ताप व डोकेदुखी होती. ताप उतरला, पण मुलगी रात्ररात्र जागू लागली, असंबद्ध बडबडू लागली, आईलाही ओळखेना. ‘‘डॉक्टरसाहेब, बाहेरचं काही असेल का?’’ वडिलांनी भीतभीत विचारले. ‘हा मनाचा आजार आहे’ असे सांगून मी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीत तापाचा उल्लेख मी केला नाही. पुढे तिला झटके येऊ लागले आणि तीन आठवड्यांत ती गेली. तिला नेमके काय झाले होते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. परंतु डॉ. जोसेप दालमाऊ यांचे संशोधन वाचनात आले, तेव्हा तिचाच चेहरा डोळ्यांपुढे उभा राहिला.

डॉ. दालमाऊ हे मूळचे स्पेनचे मेंदूविकारतज्ज्ञ. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग कर्करोग रुग्णालयात डॉ. जेरोम पोस्नर यांच्याबरोबर त्यांनी एका विरळा विषयावर काम केले. कर्करोगाची गाठ शरीरात दुसरीकडेच असते, मेंदूत तिचा अंशही नसतो. तरीही मेंदू बिघडतो. असे का व्हावे? गाठीवर तुटून पडलेली आपली प्रतिकारशक्ती काही वेळा ओळख चुकून मेंदूवरही हल्ला करते, हे त्याचे उत्तर.

पुढे ते अमेरिकेतच फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. 2005 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी चार स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. विचित्र वागणे, विस्मरण, शुद्ध हरपणे आणि श्वास मंदावणे अशी लक्षणे, आणि चौघींच्याही बीजांडकोशात टेराटोमा नावाची गाठ. या गाठीत केस, दात, इतकेच काय, मज्जासंस्थेच्या पेशीही सापडतात! 2007 मध्ये बारा रुग्णांच्या अभ्यासातून नेमका दोषी सापडला. मेंदूतील ‘एनएमडीए रिसेप्टर’वर हल्ला करणारी प्रतिपिंडे या रुग्णांच्या शरीरात तयार झाली होती.

हे रिसेप्टर म्हणजे मेंदूच्या पेशींवरील टपालपेट्या समजा. स्मरण, शिकणे, वागणे यांचे निरोप त्यांतून पोहोचतात. प्रतिपिंडे या पेट्याच काढून नेतात. पत्रे पोहोचत नाहीत, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. पण घर पडलेले नसते! प्रतिपिंडे हटली की पेट्या पुन्हा बसतात. म्हणूनच हा आजार भयंकर असला तरी बरा होऊ शकतो.

2008 मध्ये त्यांनी शंभर रुग्णांचा अहवाल दिला. त्यांत 91 स्त्रिया होत्या. 75 जण पूर्ण बरे झाले किंवा त्यांच्यात किरकोळ दोष राहिला. उरलेल्या 25 जणांना मोठे अपंगत्व आले किंवा मृत्यू आला. गाठ सर्वांनाच नव्हती. हा आजार पुरुषांना आणि लहान मुलांनाही होतो. 2013 मधील 577 रुग्णांच्या अभ्यासाने दाखवले की, उपचार जितके लवकर, तितकी बरे होण्याची आशा जास्त. गाठ असल्यास ती काढणे, स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तातील प्रतिपिंडे काढून टाकणे, हे उपचार आहेत. डॉ. दालमाऊ पुढे बार्सिलोनाला परतले आणि तेथे त्यांनी हेच काम चालू ठेवले.

वाचकहो, प्रत्येक मानसिक आजार म्हणजे मेंदूची सूज नव्हे. हा आजार दुर्मिळ आहे. तेव्हा चालू असलेली मानसिक आजाराची औषधे कुणीही परस्पर बंद करू नयेत. परंतु चांगल्या तरुण मुलामुलीचे वागणे काही दिवसांत अचानक बदलले, त्याआधी ताप किंवा डोकेदुखी झाली असेल, जोडीला झटके, तोंडाच्या किंवा हातापायांच्या विचित्र हालचाली, बोलणे बंद होणे यांपैकी काही असेल, तर देवऋषाकडे दिवस घालवू नका. तातडीने मोठ्या रुग्णालयात न्या. पाठीच्या कण्यातील पाणी तपासून निदान होऊ शकते. त्या पाण्याने लकवा होतो, हा गैरसमज आहे.

आणि डॉक्टरांना सर्व हकिगत पहिल्यापासून सांगा. उतरून गेलेला तापसुद्धा. अशा रुग्णाच्या चिठ्ठीत तापाची तारीख मी आता सर्वांत आधी लिहितो.