कोरा रकाना आणि शून्य



प्रत्येक कारखान्यात अपघातांची एक नोंदवही असते. संघटनेच्या कामाला लागल्यावर सुरुवातीच्याच दिवसांत अशी एक वही आमच्या पाहण्यात आली. वर्षभरात अपघात जवळजवळ नाहीत! आम्हांस बरे वाटले. पण खात्यातून फिरलो, तेव्हा एकाचे बोट गेलेले आणि दुसऱ्याचा हात भाजलेला दिसला. चौकशी करता कळले की, जखमी माणूस हजेरीपटावर रजेवर दाखवीत. कारण अपघात वहीत चढला की मुकादमाला बोलणी बसत. तेव्हापासून कोणताही आकडा समोर आला की आम्ही आधी विचारतो : हा लिहिला कोणी, आणि खरे लिहिले असते तर त्याचे काय झाले असते?

साथीच्या रोगांच्या आकड्यांना हाच प्रश्न विचारावयाचा आहे. आपल्या देशात २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण सुरू झाले. त्यात तीन तक्ते असतात. पहिला उपकेंद्रातील आरोग्यसेविका भरते. ती लक्षणे लिहिते, म्हणजे ताप, जुलाब, खोकला. दुसरा तक्ता डॉक्टरचा; रोगी तपासून तो अंदाज लिहितो, हा डेंग्यू, तो विषमज्वर. तिसरा प्रयोगशाळेचा, रक्त वा इतर नमुना तपासून जे सिद्ध झाले तेवढेच त्यात येते. पूर्वी हे तक्ते आठवड्याला गावाकडून जिल्ह्याकडे आणि तेथून वर जात. एप्रिल २०२१ मध्ये नवी संगणक-व्यवस्था आली आणि नोंद जागच्या जागी करण्याची सोय झाली. वेग वाढला हे खरे. परंतु यंत्र जे भरले तेच वाहून नेते. चुकीची नोंदही आता त्याच वेगाने दिल्लीला पोहोचते.

तीन तक्ते तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, हे विसरले की घोटाळा होतो. उदाहरण आपल्या घरचेच घेऊ. १९६५ साली नागपुरात डेंग्यू व चिकुनगुन्याची साथ असताना, पुण्याच्या विषाणुतज्ज्ञांना दोन रुग्णांच्या रक्तात एक निराळाच विषाणू सापडला. येथल्या चांदीपुरा या वस्तीचे नाव त्याला मिळाले. सगळ्यांपुढे नुसते ‘ताप’ लिहून वही मिटली असती, तर हा विषाणू तेव्हा कळलाच नसता. पुढे २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतील १८३ दगावली; तपासात हाच विषाणू निघाला. २०२४ च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी चांदीपुरा सिद्ध झाला तो ६४ रुग्णांत. आता २४५ ही चांदीपुराची संख्या म्हणणारा चुकतो, आणि बाकीच्यांना काही झालेच नव्हते असे समजणाराही चुकतो. संशयित आणि सिद्ध ही दोन वेगळी खाती आहेत.

याहून महत्त्वाचा भेद कोरा रकाना आणि शून्य यांतला. शून्य म्हणजे पाहिले आणि आढळले नाही. कोरे म्हणजे पाहिलेच नाही. पोलिओच्या कामात हा भेद काटेकोर पाळला गेला. पंधरा वर्षांखालील मुलाला अचानक लुळेपणा आला की, कारण कोणतेही असो, नोंद व्हावयाची आणि चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यावयाचे. पोलिओखेरीज अन्य कारणांनी लुळेपणा आलेली मुले एक लाखांमागे वर्षाला निदान एक तरी सापडलीच पाहिजेत. न सापडली तर त्या भागात पहारा झोपला आहे असे समजावयाचे! म्हणूनच १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक (वन्य) पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही, या शून्यावर जगाने विश्वास ठेवला आणि मार्च २०१४ मध्ये आपला विभाग पोलिओमुक्त ठरला.

उलट, आकडा वाढला म्हणजे रोग वाढलाच असेही नाही. २०१२ साली क्षयरोग्यांची नोंद खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाली. जे रुग्ण आधी होते पण वहीत नव्हते, ते अशाने वहीत येतात. अशी वाढ दिसली तर ओरड करण्याऐवजी समाधान मानावे.

मग वही गप्प का राहते? मुख्य कारण भीती. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण आले, पुण्यात तर गोरे सोजीर घरात शिरले. लोकांनी रोगी लपविले, प्रेतेही लपविली. जुलमाने माहिती मिळत नाही, ती बुजते. आज सोजीर नाहीत. पण रोजंदारीच्या माणसाला दवाखान्याची रांग म्हणजे एक दिवसाची मजुरी. तो औषधाच्या दुकानातून गोळी घेऊन कामावर जातो, आणि त्याचा ताप कोणत्याच तक्त्यात चढत नाही. तिकडे ‘तुमच्याच भागात रुग्ण जास्त कसे?’ असे आरोग्यसेविकेला दरडावले, तर पुढल्या आठवड्यात रुग्ण कमी होतात, कागदावर.

तेव्हा वर्तमानपत्रात साथीचा आकडा वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. किती केंद्रांकडून अहवाल आले? रुग्ण संशयित की सिद्ध? आणि मागच्या वर्षी मोजण्याची रीत हीच होती काय? शहराच्या कारभाऱ्यांना मात्र चौथा प्रश्न विचारा : खरे लिहिणाऱ्या बाईला तुम्ही शाबासकी देता की कारणे दाखवा नोटीस? देशाचा आकडा दिल्लीत बनत नाही. तो एका उपकेंद्रातील टेबलावर, दिवसभर पायपीट करून आलेल्या बाईच्या हातून बनतो. तिचे मानधन वेळेवर मिळावे आणि तिची नोंद निर्भय असावी, ही मागणी तिच्याइतकीच आपल्याही जिवाची आहे.