एक चित्र आणि आठ रविवार

स्वतःचे तैलचित्र काढून घेणारी माणसे दोनच प्रकारची असतात, अशी माझी पक्की समजूत होती. एक संस्थानिक, आणि दुसरे नगरपालिकेच्या सभागृहात भिंतीवर चढलेले दिवंगत अध्यक्ष. मराठीचा प्राध्यापक या दोहोंत बसत नाही. पहिल्या वर्गात जाण्याइतकी मिळकत नाही, आणि दुसऱ्या वर्गात जाण्याची अजून घाई नाही!

तरीही माझे चित्र निघाले. आणि तेही सोलापुरात नव्हे, तर विजयपूरच्या रस्त्यावरील आमच्या मंद्रूप गावी, घरच्या सोप्यात.

त्याचे असे झाले. माझा एक शाळासोबती पेंटर आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावे, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे यांवर त्याचे घर चालत असे. पुढे फ्लेक्स आले. तासाभरात छापून मिळणारा फलक सोडून चार दिवस कुंचला धरून बसणाऱ्याला कोण बोलावणार? गेल्या दिवाळीत तो भेटला, तेव्हा मी मोठ्या उदारपणे म्हणालो, "माझंच एक चित्र काढ की." खरे सांगायचे तर माझ्या मनात चित्र नव्हतेच, मदत होती. ते त्याने ओळखले असावे. म्हणाला, "काढतो बे. पण फोटोवरून नाही. समोर बसावं लागेल. आठ रविवार!"

आठ रविवार! सोलापूर ते मंद्रूप हा काही काशीचा प्रवास नव्हे. तरी दिवाळीला दोन दिवस आणि संक्रांतीला एक, एवढाच माझा तिथला रतीब. गावी आई एकटी असते. "वेळ मिळत नाही गं," हे वाक्य मी तिला इतकी वर्षे ऐकवले आहे, की आता ती माझ्या आधीच ते म्हणते.

पहिल्या रविवारी बैठक मांडण्यातच तास गेला. आमचे घर जुने, माळवदाचे. छताच्या झरोक्याखाली ऊन छान पडते म्हणून मी तिथे खुर्ची ठेवली, तर पेंटरने ती उचलून उत्तरेच्या खिडकीशी नेली. ऊन सरकते आणि त्याबरोबर नाकाची सावलीही. उत्तरेचा उजेड मात्र बराच वेळ एकसारखा राहतो. मग कोळशाने रेखाटन झाले. त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तपकिरी रंगाचा हात फिरला. वरच्या थरांत जवसाचे तेल हळूहळू वाढवीत न्यायचे. उलट केले, तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून, आणि चित्राला भेगा पडतात. आपल्याला जवस ठाऊक ती चटणीपुरती. पण तिचे तेल टर्पेंटाइनसारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते सावकाश घट्ट होते. म्हणून दोन बैठकांत आठवडा. थोडक्यात, चित्राला आणि माणसाला घाई करता येत नाही!

दुसऱ्या रविवारी पेंटर वैतागला. "मास्तर, वर्गातला चेहरा उतरव की!" मला वाटत होते, मी सहज बसलो आहे. आणि तोंड तर उघडायचेच नाही, अशी सक्त ताकीद. पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला पंचेचाळीस मिनिटे बोलण्याची सवय झालेल्या माणसाला याहून कडक शिक्षा कोणती?

पण माझ्याहून दुर्दैवी लोक होऊन गेले आहेत. 1899 साली सेझान या फ्रेंच चित्रकाराने व्होलार नावाच्या चित्रविक्रेत्याला सुमारे 115 वेळा समोर बसवले. सफरचंदासारखे निश्चल बसावे, एवढीच त्याची अपेक्षा. शेवटी काम अर्धवट टाकताना, सदऱ्याचा पुढचा भाग बरा उतरला आहे, एवढेच समाधान त्याने व्यक्त केले!

1839 साली पॅरिसमध्ये फोटोचे तंत्र जाहीर झाले, तेव्हापासून चेहरा टिपणे सोपे होत गेले. आज माझ्या मोबाइलमध्ये माझेच शेकडो फोटो आहेत. पण फोटोला क्षणभरच चेहरा द्यावा लागतो, आणि क्षणभर कोणीही शहाणा, प्रसन्न, कर्तबगार दिसू शकतो. दोन तास तो आव टिकत नाही. तिसऱ्या रविवारी माझा तो गळून पडला, आणि मी नुसता बसलो. पेंटर बोलत होता, मी ऐकत होतो. पाट्या बंद झाल्या त्या वर्षी त्याने रंगाचे डबे माळ्यावर टाकले होते, हे मला तेव्हा कळले. ही गोष्ट जुनी होती. ऐकायला मी नवा होतो.

याच वेळी माझे लक्ष दुसरीकडे गेले. आई खांबाशी सूप घेऊन जोंधळे निवडीत बसायची. सुपातले दाणे मात्र संपत नसत. ती माझ्याकडे पाहत असायची.

आमच्या घरात एक छापील चित्र आहे: हातात दिवा धरून, ज्योतीवर ओंजळ आडवी धरलेली तरुणी. मी ते राजा रविवर्म्याचे समजत होतो. पेंटरने मला वर्गाबाहेरच काढले. रविवर्मा 1906 साली गेले. हे चित्र 1945-46 च्या सुमाराचे, सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे. तेही तैलरंगात नाही, जलरंगात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. दिवा धरून उभी राहिलेली मुलगी म्हणजे हळदणकरांची कन्या गीता. पुढे गीताबाई उपळेकर कोल्हापुरात राहत, आणि 2018 साली, 102 व्या वर्षी वारल्या.

आई हे सारे ऐकत होती. म्हणाली, "चित्र राहू दे. बापानं इतका वेळ लेकीकडं बघितलं, केवढं भाग्य!" आणि थोडे थांबून, "मी बी तुला लहानपणानंतर आत्ताच बघते आहे."

मला मान हलवायची परवानगी नव्हती, हे बरेच झाले.

आठव्या रविवारी चित्र पुरे झाले. सोलापुराहून आलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी ते दुरून, मग जवळून न्याहाळले आणि म्हणाल्या, "हे गृहस्थ दुसऱ्याचं ऐकून घेणारे दिसतात. घरीही असेच बसत जा!" पेंटरचे पैसे मी दिले, पण मदत कोणी कोणाला केली, याचा हिशेब अजून जुळलेला नाही. चित्र नाक-डोळ्यांसह उत्तम आहे. तरी मला मिळाले ते चित्रातून नव्हे, समोर बसण्यातून. कोणीतरी घाई न करता आपल्याकडे पाहावे आणि आपण ते पाहू द्यावे, हे सुख आपण प्रौढ माणसे विसरूनच गेलो आहोत.

निघताना आईने सूप उचलले. "झालं ना चित्र? म्हणजे पुढच्या रविवारी येणं नाही तुझं."

मी पेंटरकडे पाहिले. डबा बंद करीत होता, तो थांबला.

"आईचं काढ," मी म्हणालो.

"माझ्याकडं काय बघायचंय आता?" आई म्हणाली.

"तेच तर बघायचंय, काकू," पेंटर म्हणाला. "आठ रविवार पुरायचे नाहीत."

ती "नको नको" म्हणत राहिली. पण पुढच्या रविवारी मी पोहोचलो, तेव्हा इरकली लुगडे नेसून उत्तरेच्या खिडकीशी बसलेली होती. या दिवाळीपर्यंत चित्र अर्धे झाले आहे. घाई कोणालाच नाही. जोंधळे निवडण्याचे काम मात्र आता माझ्याकडे आले आहे.