विश्लेषण : स्वस्त मोबाइलचे पैसे कापले, ऑर्डर मात्र नाही… अडकलेली रक्कम परत कशी मिळते?

रात्री बाराला सेल सुरू होतो. अठरा हजारांचा मोबाइल अकरा हजारांत, तोही मोजकेच नग. ग्राहक कार्डाचा तपशील भरतो, ओटीपी टाकतो, पडद्यावर चक्र फिरत राहते आणि शेवटी ‘व्यवहार अयशस्वी’ असे उमटते. तेवढ्यात बँकेचा संदेश येऊन थडकतो : खात्यातून ११ हजार रुपये वजा. ऑर्डरची नोंद कुठेच नाही. महिनाअखेरीस ज्याच्या खात्यात तेवढेच पैसे असतात, त्याच्यासाठी पुढचे आठ दिवस सोपे नसतात. असे पैसे बहुतेक वेळा परत मिळतात, काही वेळा मात्र कायमचे जातात. हा फरक कशाने पडतो?

‘फ्रीडम २५१’ प्रकरणातून काय दिसले?

फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडातील ‘रिंगिंग बेल्स’ या कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची जाहिरात केली. घरपोच पाठवण्याचे ४० रुपये धरून रक्कम होत होती २९१. १८ फेब्रुवारीला सकाळी सहा वाजता नोंदणी सुरू झाली आणि गर्दीने संकेतस्थळ कोलमडले. नाव-पत्ता भरूनही अनेकांना पैसे भरण्याचे पान उघडेना. कंपनीने नोंदणी थांबवली. तरीही पहिल्या दिवशी सुमारे ३० हजार जणांनी पैसे भरल्याचे कंपनीने सांगितले. एवढ्या किमतीत फोन तयार होऊच शकत नाही, असा आक्षेप मोबाइल उद्योगाच्या संघटनेने घेतला आणि मुंबईतील तत्कालीन खासदार किरीट सोमय्या यांनीही प्रश्न उपस्थित केले. ओरड वाढल्यावर, नोंदणीवेळी भरलेले पैसे परत करून फोन हाती आल्यावरच पैसे घेण्याचे कंपनीने जाहीर केले. ग्राहकांचे हे पैसे पेमेंट गेटवेमार्फत आले होते, त्यामुळे ते त्याच वाटेने परत करता आले. याउलट, गाझियाबादमधील एका वितरकाने कंपनीला थेट आरटीजीएसने ३० लाख रुपये पाठवल्याचे सांगत, त्यातील १६ लाख बुडाल्याची तक्रार पोलिसांकडे केली. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीच्या संचालकाला अटक झाली ती या तक्रारीवरून. कंपनी एकच, पण पैसे कोणत्या वाटेने गेले, यावर पुढचे सारे ठरले.

पैसे नेमके कोणत्या वाटेने जातात?

‘पैसे भरा’ हे बटण दाबल्यावर रक्कम थेट विक्रेत्याच्या खात्यात जात नाही. विक्री संकेतस्थळ ग्राहकाला पेमेंट अ‍ॅग्रिगेटरकडे, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘गेटवे’कडे पाठवते. तिथून मागणी कार्ड जाळ्यातून किंवा यूपीआय यंत्रणेतून ग्राहकाच्या बँकेकडे जाते. बँक ओटीपी वा पिन तपासते, रक्कम वजा करते आणि ‘झाले’ असा निरोप त्याच साखळीतून उलटा पाठवते. हा निरोप विक्रेत्यापर्यंत पोहोचला तरच ऑर्डर तयार होते. रक्कम वजा झाल्यानंतर मध्येच जोडणी तुटली, बँकेचा सर्व्हर अडखळला किंवा दिलेली काही मिनिटांची मुदत उलटली, तर बँकेच्या लेखी पैसे गेलेले असतात आणि विक्रेत्याच्या लेखी आलेलेच नसतात. सेलच्या पहिल्या काही मिनिटांत लाखो जण एकाच वेळी तुटून पडतात, म्हणून तेव्हा हे अधिक घडते.

विक्रेत्याच्या वतीने गोळा केलेली रक्कम अ‍ॅग्रिगेटरने बँकेतील स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवावी, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. हे नियम मार्च २०२० मध्ये आले. पैसे अधांतरी असले तरी ते कोणाच्या खिशात नसतात, ते या व्यवस्थेमुळे.

पैसे भरलेच जात नाहीत, असे का होते?

दर वेळी दोष गर्दीचाच असतो असे नाही. नव्या डेबिट वा क्रेडिट कार्डावर ऑनलाइन व्यवहारांची सोय मुळात बंद असते. ती बँकेच्या अ‍ॅपमधून ग्राहकाला सुरू करावी लागते. जानेवारी २०२०च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार ही पद्धत लागू झाली. अनेकांना याचा शोध नेमका सेलच्या रात्री लागतो. कार्डावरची ऑनलाइन खर्चाची मर्यादाही तिथेच तपासता येते. यूपीआयने साधारण खरेदीसाठी दिवसाला एक लाख रुपयांपर्यंतच पैसे देता येतात, त्यामुळे सव्वा लाखाचा फोन त्या मार्गाने अडतो. यूपीआय नव्याने सुरू केले असेल तर पहिल्या २४ तासांत मर्यादा अवघी पाच हजारांची असते.

तिसरे कारण जाहिरातीतल्या बारीक अक्षरांत दडलेले असते. मोठ्या आकड्यातली किंमत बहुधा एखाद्या ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डापुरती, हप्त्यांच्या खरेदीपुरती किंवा जुना फोन दिल्यास लागू असते. दुसरे कार्ड वापरले की सवलत गळून पडते आणि शेवटच्या पानावर रक्कम वाढलेली दिसते. ‘बिनव्याजी हप्ता’ योजनेत व्याजाइतकी सूट आधी दिली जाते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्या माथी येते.

कापलेली रक्कम किती दिवसांत परत यायला हवी?

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाने याची मुदत ठरवून दिली. कार्डाने वा यूपीआयने विक्रेत्याला दिलेले पैसे खात्यातून वजा झाले, पण विक्रेत्याला त्याची पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत जमा व्हायला हवी. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते आणि ती ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता द्यायची आहे. या नियमाची माहिती नसल्याने भरपाईचे शंभर-दोनशे रुपये मागायचे अनेकांना सुचतही नाही.

विक्रेत्याला पैसे मिळाले, ऑर्डर नोंदली गेली आणि नंतर ‘माल संपला’ म्हणून ती रद्द झाली, तर प्रकरण वेगळे. तो अयशस्वी व्यवहार ठरत नाही, ती परतफेड ठरते. पाच दिवसांची वरची मुदत तिला लागू होत नाही आणि पाठपुरावा बँकेकडे न करता विक्रेत्याकडे करावा लागतो. परतावा पाठवल्याचे विक्रेता सांगत असेल, तर त्याचा संदर्भ क्रमांक मागून घ्यावा. हा क्रमांक दिल्यास बँकेला रक्कम शोधता येते. तो नसेल तर विक्रेता बँकेकडे आणि बँक विक्रेत्याकडे बोट दाखवते.

व्यवहार अडकल्यावर लगेच काय करावे?

पहिली गोष्ट, घाईने पुन्हा पैसे भरू नयेत. संधी हुकेल या भीतीने दोन-तीनदा प्रयत्न केल्यास तितक्या वेळा रक्कम अडकू शकते, क्वचित दोन फोनही मागवले जातात. आधी खात्याचा उतारा आणि संकेतस्थळावरील ‘माझ्या ऑर्डर’ हे पान पाहावे. यूपीआय अ‍ॅपमध्ये व्यवहार ‘प्रलंबित’ दिसत असेल तर तो यशस्वी होतो की फसतो, याची वाट पाहावी. व्यवहार क्रमांक, वेळ, बँकेचा संदेश आणि त्रुटीचे पान यांची छायाचित्रे जपून ठेवावीत. मूळ जाहिरातीचेही छायाचित्र घ्यावे, कारण सेल संपला की ती नाहीशी होते.

दुसरी गोष्ट, ग्राहक सेवेचा क्रमांक शोधयंत्रावर शोधू नये. भामटे तिथे खोटे क्रमांक पेरून ठेवतात आणि पैसे परत देण्याच्या बहाण्याने स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप उतरवायला किंवा पिन टाकायला सांगतात. यूपीआयने पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही. क्रमांक अ‍ॅपमधून किंवा कार्डाच्या मागच्या बाजूवरून घ्यावा.

पैसे परत मिळणे कठीण कधी होते?

समाजमाध्यमावरील जाहिरातीतून उघडलेले पान नामांकित दुकानासारखे दिसते, पण पैसे भरताना क्यूआर कोड किंवा एखाद्या व्यक्तीचा यूपीआय आयडी पुढे करते. ‘गेटवे बंद आहे, या क्रमांकावर पाठवा, आणखी पाचशे रुपये सूट देऊ’ असे आर्जव होते. ग्राहकाने ते मानले की मधली सारी साखळी गळून पडते : एस्क्रो नाही, पुष्टीची वाट पाहणारा विक्रेता नाही, आपोआप परत येण्याची सोयही नाही. तांत्रिकदृष्ट्या हा व्यवहार यशस्वी ठरतो, कारण पैसे जिथे पाठवले तिथे पोहोचलेले असतात. म्हणून पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव दुकानाचे की भलत्याच कुणा व्यक्तीचे, एवढे पाहिले तरी बरेच काही टळते.

फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. इथे तासांना किंमत असते. रक्कम भामट्याने काढून घेण्याआधी संबंधित बँकेने गोठवली तरच ती परत येण्याची आशा राहते. बँकेलाही त्याच वेळी कळवावे.

दाद कुठे मागायची?

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक विक्री संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. ते न झाल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. दोष बँकेचा असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगात दावा दाखल करता येतो. विक्रेता बेंगळूरुचा असला तरी साताऱ्याच्या ग्राहकाला तिथे जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी दाव्याचे शुल्कही नाही.

जाहिरातदारावर बंधन नाही का?

आहे. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींना अटी घातल्या : जाहीर केलेल्या किमतीत माल देण्याची वाजवी शक्यता आणि अपेक्षित मागणीला पुरेल इतका साठा असायला हवा, साठा मर्यादित असेल तर तसे स्पष्ट सांगायला हवे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ‘डार्क पॅटर्न’ निश्चित केले. खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणे आणि शेवटच्या पानावर शुल्क वाढवणे हे त्यांत मोडते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र ‘दोनच नग शिल्लक’ ही ओळ खरी होती की खोटी, हे सिद्ध करायला ती ओळ कोणीतरी जपून ठेवलेली असावी लागते.