कुवेतचा दरबार

पहिल्या महायुद्धात इंग्रज आणि तुर्क दोघेही अरब टोळ्यांना आपल्याकडे वळवायच्या खटपटीत होते. हाइलचा इब्न रशीद तुर्कांचा, तर एकेकाळी कुवेतच्या आश्रयाला राहिलेला रियाधचा इब्न सौद इंग्रजांच्या मर्जीतला. कुवेतचा शेख मुबारक याने 1899 मध्येच इंग्रजांशी गुप्त करार केला होता. नोव्हेंबर 1914 मध्ये त्याला संरक्षणाचं लेखी वचन मिळालं.

कुवेतमधला माजी इंग्रज वकील कॅप्टन शेक्सपियर जानेवारी 1915 मध्ये जर्राबच्या लढाईत इब्न सौदच्या बाजूने मारला गेला. तोही गणवेशात, अरबी वेश न घालता. तरी डिसेंबरात इब्न सौदशी तह झालाच.

नोव्हेंबर 1916 मध्ये आखातातला इंग्रज अधिकारी पर्सी कॉक्स याने कुवेतमध्ये दरबार भरवला. इब्न सौद, मुबारकनंतर कुवेतचा शेख झालेला जाबिर आणि इराणातल्या मोहम्मराचा शेख खझल एकत्र बसले. इब्न सौदसारख्या वाळवंटातल्या अमिराच्या छातीवर हिंदुस्थानी साम्राज्याचा किताब लागला! खरी गोम मात्र पैशात होती: पुढे त्याला दरमहा 5,000 पौंड मिळू लागले.

कुवेती व्यापारी मात्र बाजारभाव पाहत. तिथून तुर्कांकडे चोरटा माल जाऊ लागला, तेव्हा 1918 मध्ये इंग्रजांनी याच दोस्त कुवेतच्या बंदराची नाकेबंदी केली.