हॉस्टेलमागची फुलपाखरं

फोटोग्राफीच्या बाबतीत आपल्या कॉलेजात दोनच जाती आहेत. एक, ज्यांच्याकडे डीएसएलआर आहे, आणि दुसरी, जी म्हणते "आमच्याकडे असता तर आम्हीही काढले असते." हा लेख मुख्यतः दुसऱ्या जातीसाठी आहे, कारण मीही त्यातलीच. माझे बहुतेक फोटो साध्या मोबाइलवर काढलेले आहेत. त्यासाठी ताम्हिणीला किंवा सिंहगडावर जावं लागलं नाही. मेसच्या मागची टाकी, कंपाऊंडची भिंत आणि तिच्या कडेने वाढलेलं गवत एवढं पुरलं.

सुरुवात फुलपाखरांपासूनच का करावी? कारण पक्ष्यांना मोठी लेन्स लागते, वाघाला सुट्टी आणि पैसे लागतात. फुलपाखरू मात्र लेक्चरला जाता जाता भेटतं. भारतात त्यांच्या तेराशेच्या वर जाती आहेत आणि पुण्यासारख्या शहरातही टेकडीच्या कडेला बऱ्याच सापडतात. 'ब्ल्यू मॉरमॉन' हे मोठं, काळं-निळं फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालं. ते स्टाफ क्वार्टर्समधल्या लिंबाच्या झाडाभोवतीसुद्धा फिरताना दिसतं.

कधी जायचं?

फुलपाखराचं रक्त थंड. उडण्यासाठी त्याचे स्नायू साधारण ३० अंशांपर्यंत तापावे लागतात. म्हणून सकाळी कोवळ्या उन्हात ते पंख उघडून स्वस्थ बसतं. आठ ते साडेनऊ ही आपली वेळ. (म्हणजे नाश्ता आणि पहिलं लेक्चर यांच्यामध्ये. सर, अटेंडन्सचा प्रश्न येत नाही!) दुपारी बारा वाजता त्यांच्यामागे धावणं म्हणजे निव्वळ व्यायाम. महिन्यांचं म्हणाल तर सप्टेंबर ते नोव्हेंबर सगळ्यात उत्तम, कारण पावसानंतर झाडोरा वाढलेला असतो आणि सुरवंटांना खायला भरपूर असतं.

आणखी एक हमखास जागा म्हणजे ओली माती. टाकी ओव्हरफ्लो होते तिथे फुलपाखरं सोंड खुपसून बसलेली दिसतील. पाण्यासाठी नाही, तर मातीतल्या क्षारांसाठी, खास करून सोडियमसाठी. यात बहुतेक नर असतात. या वेळी ती इतकी गुंग असतात की अगदी जवळ जाता येतं.

फोटो धूसर का येतो?

इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. वस्तू जितकी मोठी करून टिपायची, तितकी फोकसमध्ये राहणारी जाडी कमी होते. समजा चार सेंटिमीटरचं फुलपाखरू सेन्सरवर दोन सेंटिमीटरचं उमटवलं, तर डीएसएलआरवर एफ-८ ला ही जाडी जेमतेम दोन मिलिमीटर भरते. म्हणजे डोळा स्पष्ट आला तर पंखाचं टोक गेलं. उपाय अगदी भूमितीचा आहे : पंखाचं प्रतल आणि कॅमेऱ्याचं प्रतल समांतर ठेवा. पंख मिटलेले असतील तर बाजूने फोटो घ्या, उघडे असतील तर वरून.

मोबाइलचा सेन्सर छोटा, त्यामुळे फोकसची जाडी जास्त मिळते. हा आपला फायदा. पण मॅक्रो मोडमध्ये फोन फुलपाखराच्या नाकाशी न्यावा लागतो आणि ते उडतं. त्यापेक्षा फूटभर अंतरावरून काढा आणि नंतर क्रॉप करा. शटरचा वेग हातात असेल तर १/५०० किंवा त्याहून जलद ठेवा. बर्स्टवर दहा काढा, नऊ डिलीट करा.

जवळ जाताना खाली वाकून, हळूहळू जायचं. फुलपाखराला हालचाल पटकन कळते. तुमची सावली त्याच्यावर पडली की ते गेलंच समजा. त्याला पकडून, फुलावर ठेवून किंवा फ्रीजमध्ये गार करून फोटो काढणारेही महाभाग असतात. तसं कृपया करू नका. पंखावरचे खवले एकदा गेले की परत येत नाहीत.

फोटो काढला, पुढे काय?

ओळख पटवायची. त्यासाठी पंखाची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू टिपा. उदाहरणार्थ, 'प्लेन टायगर' हे केशरी फुलपाखरू. त्याचा सुरवंट रुईची पानं खातो, त्यातली विषारी द्रव्यं अंगात साठवतो, त्यामुळे पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. 'डॅनेड एगफ्लाय'ची मादी मात्र बिनविषारी; तिने फक्त प्लेन टायगरचा वेष घेतलेला असतो. फरक मागच्या पंखात आहे. प्लेन टायगरला मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात. हिला मध्ये काही नाही, फक्त वरच्या कडेला एक. वर्षभर ज्यांना आपण एकच समजतो, ती फोटो मोठा केल्यावर दोन निघतात. मला तर हे कुठल्याही डिटेक्टिव्ह कथेइतकं भारी वाटतं.

मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे मला फुलपाखरांची इंग्रजी नावं पाठ, पण झाडं कुठली ते माहीत नव्हतं. ते शिकवलं आपल्या माळीकाकांनी. टाकळा, रुई, घोळ, कण्हेर ही नावं त्यांनी एका फेरीत सांगितली. मग कोडं सुटलं : टाकळ्यावर 'मॉटल्ड एमिग्रंट', कण्हेरीवर 'कॉमन क्रो', कढीपत्त्यावर 'कॉमन मॉरमॉन', आसोपालवावर 'टेल्ड जे'. प्रत्येकीचा सुरवंट ठरावीक झाडंच खातो. झाड गेलं की फुलपाखरू गेलं, मग बागेत शोभेची फुलं कितीही लावा.

आणि म्हणूनच एक विनंती. दरवर्षी दसऱ्याच्या आधी हॉस्टेलमागचं सगळं गवत मशीनने सपाट होतं. नेमक्या त्याच वेळी त्यावर अंडी आणि सुरवंट असतात. संध्याकाळी मेसच्या पायऱ्यांवर बसणारं, वाळक्या पानासारखं दिसणारं 'ईव्हनिंग ब्राउन' तर गवतावरच वाढतं. सापांची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. खोल्यांजवळचं आणि पायवाटेचं गवत कापलंच पाहिजे. पण लांबच्या भिंतीलगतची एकच पट्टी डिसेंबरपर्यंत ठेवता येणार नाही का? वॉर्डन मॅडमना आम्ही तसा अर्ज दिला आहे. सोबत पट्टीत काढलेले फोटो, तारीख आणि झाडाच्या नावासकट जोडले आहेत. 'गवत कापू नका' एवढंच म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. फोटो पाहून मॅडमनी निदान "जागा दाखवा" म्हटलं.

तेव्हा फोन खिशात आहेच. एखाद्या सकाळी दहा मिनिटं लवकर निघा, जे दिसेल ते टिपा आणि तारीख लिहून आम्हाला द्या. अर्जाला जोडायला जागा अजून शिल्लक आहे.